डाउनलोड अर्ध्यावर तुटते तेव्हा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की भरदुपारी वीज जाते, तिच्यासोबत राउटरही बंद पडतो, आणि फाइल सर्व्हरवरून तासभर चाललेले पाच-सहा जीबींचे डाउनलोड मध्येच तुटते. अशा वेळी बहुतेक जण आलेला भाग पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. तसे करू नये. फाइल किती उतरली होती तो आकडा आधी लिहून ठेवावा आणि पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहावा, कारण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दोष कुठे आहे ते बरेचसे उमगते.

दर वेळी वेगळ्याच ठिकाणी तुटत असेल, तर दोष बहुधा लाइनचा, वाय-फायचा किंवा विजेचा असतो. शक्य असल्यास राउटरला केबल जोडावी आणि ब्राउझरऐवजी डब्ल्यूगेट हे आज्ञा देऊन फाइल उतरवणारे साधन वापरावे. त्यातील ‘कंटिन्यू’ हा पर्याय आलेला भाग तसाच ठेवून पुढचे तेवढे मागवतो. त्यावर सर्व्हरने २०६ हा संकेतांक दिला, तर तो उरलेला भागच पाठवत आहे. २०० दिला, तर मात्र संपूर्ण फाइल पुन्हा येणार आहे, असे समजावे.

दर वेळी ४ जीबींजवळच अडत असेल, तर लाइनला बोल लावू नये. सीताबर्डीहून आणलेला पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला, तर त्यावर ४ जीबींची एक फाइल मावत नाही, मग त्याची क्षमता ६४ जीबी का असेना. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. मात्र त्यातील सर्व काही पुसले जाते, म्हणून आधी प्रत काढून ठेवावी.

फाइल क्षणात उतरली आणि तिचा आकार अवघा काही केबी भरला, तर ती नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. वसतिगृहाच्या किंवा महाविद्यालयाच्या नेटवर्कवर पुष्कळदा सॉफ्टवेअरऐवजी लॉगिनचे पानच त्या नावाने साठवले जाते. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर फाइल नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. काही दुवे ठरावीक वेळेनंतर बाद होतात, तेव्हा मूळ पानावरून नवा दुवा घ्यावा. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची चूक दिसल्यास संगणकाची तारीख तपासावी. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असेल, तर वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते.

फाइल पूर्ण उतरली तरी घाई करू नये. मधल्या काळात सर्व्हरवरील फाइल बदलली असेल, तर जुना अर्धा भाग आणि नवा अर्धा भाग जोडले जाऊन आकार बरोबर असलेली, पण निकामी फाइल तयार होऊ शकते. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये शा-२५६-सम ही आज्ञा वापरून ६४ अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून निघणारी तिची ओळखखूण, काढावा व सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानावरील हॅशशी तो पूर्ण ताडून पाहावा. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी ती फाइल इन्स्टॉल न करता पुसून टाकावी आणि दुसऱ्या मिरर सर्व्हरवरून, म्हणजे तीच फाइल ठेवणाऱ्या पर्यायी सर्व्हरवरून, नव्याने घ्यावी.