क्रॉलरची चासी घरी बनवताय? रेल कापण्याआधी या चुका टाळा

स्केल क्रॉलरची (खऱ्या गाडीसारखी दिसणारी, खडकांवर चढणारी रिमोटची गाडी) स्वतःची चासी करायची म्हटलं की पहिला हात जातो तो पत्र्याकडे. रेलचा आकार कागदावर काढला, लेझर कटिंगवाल्याला फाइल पाठवली, दोन छान पट्ट्या हातात आल्या, आणि मग कळतं की शॉक उभे राहत नाहीत, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी मोटर) वरच्या लिंकवर (अ‍ॅक्सल चासीला जोडणारा दांडा) आपटतोय आणि ड्राइव्ह शाफ्ट दोन बोटं लांब आहे. रेल ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी बॉडी, त्यावरून व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि टायर, मग अ‍ॅक्सल, लिंक, गिअरबॉक्स, शॉक. आणि हे सगळं जिथे जिथे येईल तिथे भोकं असलेली पट्टी म्हणजे रेल. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

बॉडी न मोजता व्हीलबेस ठरवणं

१/१० क्रॉलर म्हणजे ३१३ मिमी व्हीलबेस, असं अनेक जण धरून चालतात. तो आकडा अ‍ॅक्सियलच्या एससीएक्स१० टू सारख्या गाड्यांचा. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ डिफेंडर ३२४ मिमीची आहे. तुमच्या बॉडीचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

आपल्याकडे सगळ्यांना करावीशी वाटते ती नाशिकला बनणारी थार घ्या. २०२० च्या तीन दारी थारचा व्हीलबेस २४५० मिमी, रुंदी १८२० मिमी आणि २५५/६५ आर१८ टायरचा व्यास साधारण ७८९ मिमी. काटेकोर १/१० केली तर व्हीलबेस २४५, रुंदी १८२ आणि टायर ७९ मिमी. बाजारातले १.९ इंची क्रॉलर टायर (१.९ हे रिमचं माप) मात्र साधारण १०५ ते १२० मिमीचे असतात आणि नेहमीचे अ‍ॅक्सल टायरसकट १८२ च्या बरेच बाहेर जातात. म्हणजे १/१० ची थार प्रिंट करून तिच्याखाली १०६ मिमीचे टायर बसवले की मडगार्ड कापत बसायचं आणि गाडी दिसणार खेळण्यातल्या मॉन्स्टर ट्रकसारखी.

यावर उपाय सोपा आहे. बॉडी प्रिंट करणारच असाल तर ती टायरच्या मापाने मोठी करा. १/७.८ ला थारचा व्हीलबेस ३१४, टायर १०१ आणि रुंदी २३३ मिमी येते; तयार अ‍ॅक्सल आणि लहान १.९ टायर याच्याशी चांगले जमतात. मधला मार्ग हवा असेल तर १/९ ला २७२, ८८ आणि २०२. पाच दारी थार रॉक्सचा मूळ व्हीलबेस २८५० मिमी आहे, ती १/९ ला ३१७ मिमी होते, म्हणजे तयार शाफ्ट आणि लिंक बहुतेक तसेच चालतील. व्हीलबेस २५० च्या खाली गेला की ड्राइव्ह शाफ्ट आखूड आणि उभे होतात, त्यामुळे पहिल्याच बांधणीला तो हट्ट नको.

सांगाडा उभा न करता लिंक कापणं

रेल नसतानाही गाडी टेबलावर उभी करता येते. टायर लावून दोन्ही अ‍ॅक्सल ठरलेल्या व्हीलबेसवर ठेवा, खाली लाकडी ठोकळे देऊन हलू देऊ नका. स्किड प्लेट (चासीच्या पोटाखालची पट्टी) दुसऱ्या ठोकळ्यावर हव्या त्या उंचीला ठेवा. १०६ मिमी टायर असेल तर स्किडचा तळ जमिनीपासून ६५ ते ७५ मिमी ही कमी गुरुत्वमध्याच्या गाडीसाठी बरी सुरुवात. गिअरबॉक्स स्किडवर बसवा आणि मग लिंकची मापं घ्या, भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत.

डावी-उजवी लिंक जोडी एकसारखी नसेल तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी सरळ रेषेत चालताना एका बाजूला सरकत राहते. व्हर्नियरने रॉड एंडचा (लिंकच्या टोकाची गोळा असलेली जोडणी) मध्य नीट पकडता येत नाही. त्याऐवजी जाड फळीवर लिंकच्या लांबीएवढ्या अंतरावर दोन एम३ स्क्रू उभे ठोका आणि प्रत्येक लिंक त्यांच्यावर घालून बघा. दोन्ही लिंक सहज बसल्या तर जोडी जमली. लिंकच्या दोन्ही टोकांचे रॉड एंड एका पातळीत हवेत. एक आडवा आणि एक तिरका राहिला तर सस्पेन्शन वळताना गोळा अडकतो आणि शॉक खराब आहे असा गैरसमज होतो. रॉड एंडमध्ये ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) किमान ६ मिमी गेला पाहिजे, नाहीतर पहिल्या जोरदार धडकेत तो उपटून येतो.

वरच्या लिंकच्या चासीकडच्या टोकाला एकच भोक ठेवू नका. ५-५ मिमी अंतरावर तीन भोकं उभ्या रांगेत करा. खडा चढ चढताना मागचा भाग उचलला जाऊन गाडी उड्या मारत असेल तर ते टोक वर न्या, म्हणजे वरची आणि खालची लिंक समांतर होण्याकडे झुकतात आणि उसळी कमी होते. हे कागदावर अचूक काढता येतं, पण तीन भोकं त्याहून स्वस्त पडतात.

पुढच्या अ‍ॅक्सलला पॅनहार्ड आणि त्रिकोणी फोर-लिंक, दोन्ही

ही चूक चांगल्या हातांकडूनही होते. अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तर वरच्या दोन लिंक त्रिकोणी लावायच्या (दोघींमध्ये मिळून ४० अंशांच्या आसपास कोन), किंवा वरची एकच लिंक ठेवून पॅनहार्ड दांडा (चासीपासून अ‍ॅक्सलपर्यंत आडवा जाणारा) लावायचा. दोन्ही एकदम लावले तर अ‍ॅक्सलला दोन वेगवेगळ्या मार्गांनी फिरायचं असतं, त्यामुळे तो अर्ध्यात जाम होतो. प्लास्टिकचे भाग वाकून देतात म्हणून जाम पूर्ण जाणवत नाही, फक्त सस्पेन्शन आखडल्यासारखं वाटतं.

सर्व्हो चासीवर बसवायचा असेल तर पॅनहार्ड घ्याच. समोरून बघितलं की पॅनहार्ड आणि सर्व्होकडून नकलकडे (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) जाणारी ड्रॅग लिंक समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीच्या दिसल्या पाहिजेत. पॅनहार्डचं चासीकडचं टोक सर्व्होच्याच बाजूला. नाहीतर सस्पेन्शन दबलं की चाकं आपोआप वळतात. तपासायला रिमोट चालू करून स्टिअरिंग सरळ ठेवा आणि गाडीचं नाक हाताने खाली दाबा. चाकं वळली तर ड्रॅग लिंकचं टोक वर-खाली करून बघा. सर्व्हो अ‍ॅक्सलवरच असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही; तिथे फोर-लिंक लावून मोकळे व्हा.

गिअरबॉक्स उलटा करताना ओव्हरड्राइव्ह विसरणं

वजन पुढे आणायला मोटर पुढे न्यायची म्हणून गिअरबॉक्स १८० अंशात फिरवतात. त्यामुळे गाडी उलटी पळते, तो भाग किरकोळ: ब्रश मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करा. पण ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) पुढच्या चाकांना जास्त वेग देणारे गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, असतील तर फिरवल्यावर तो जास्त वेग मागच्या चाकांना मिळतो. मागची चाकं पुढच्यांना ढकलू लागतात, वळणाचं वर्तुळ मोठं होतं, आणि चढावर नाक हलकं पडतं. गिअर उघडून पुढे-मागे बदला, किंवा दोन्हीकडे सारखे गिअर टाका. तपासायला गाडी उचलून एक पूर्ण फेरी मागच्या चाकांची करा आणि पुढची चाकं किती फिरली ते खुणेवरून बघा. डिफरन्शियल लॉक नसेल तर दोन्ही चाकं एकत्र फिरवायची, नाहीतर मोजणी फसते.

ड्राइव्ह शाफ्टबद्दल दोनच गोष्टी. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर सरकणारा शाफ्ट तळाला टेकायला नको आणि पूर्ण सुटल्यावर किमान १० ते १२ मिमी आत राहायला हवा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत; चुकून ९० अंशात बसले तर सावकाश चालतानाही गाडी धक्के देत जाते. आणि शाफ्टचा कोन ३० अंशांच्या पुढे जात असेल तर मागच्या अ‍ॅक्सलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडला जातो ते टोक) वर वळवा. पुढे तसं करताना कॅस्टर (स्टिअरिंगच्या वळण-अक्षाचा मागचा कल) बिघडतो, म्हणून तिथे गिअरबॉक्स खाली आणणं बरं.

रेल आणि पत्रा

आता कुठे पत्र्याची वेळ आली. २ मिमी अ‍ॅल्युमिनियम किंवा ३ मिमी कार्बन प्लेट बहुतेक गाड्यांना पुरते. ६०६१-टी६ सपाट प्लेटला उत्तम, पण काटकोनात घट्ट वाकवला की बाहेरच्या कडेला चिरतो. वाकवायचे भाग ५०५२ मध्ये करा. दुकानात नुसता ‘अ‍ॅल्युमिनियम पत्रा’ मागितला तर मऊ पत्रा हातात पडतो आणि तो पहिल्याच कोलांटीला वाकतो. ग्रेड विचारून घ्या.

कार्बन वीज वाहून नेतो हे अनेकांच्या ध्यानात नसतं. ईएससीची (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) उघडी सोल्डर कार्बनला टेकली की शॉर्ट. भोकं-कडा घासताना पाणी मारून घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. कडांना पातळ सुपरग्लू फिरवला तर थर सुटत नाहीत आणि तारा कापल्या जात नाहीत. पीएलए प्रिंटची चासी करायचीच असेल तर मे महिन्यात बंद कारच्या डिकीत ठेवू नका. साठ अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतो.

दोन्ही रेल एकत्र क्लॅम्प करून एकदमच भोकं पाडा. सी-आकाराच्या रेल वाकवताना आरशातल्या जोडीप्रमाणे वाकवायच्या असतात. दोन्ही एकाच दिशेला वाकवून दोन डाव्या रेल तयार करणं ही इतकी नेहमीची चूक आहे की वाकवायच्या बाजूला आधी मार्करने फुली मारून ठेवाच. लेझरवाल्याला भोकं २.८ मिमी सांगा आणि घरी ३.२ चं ड्रिल फिरवा. सरळ ३ ची सांगितली की कधी कडेला शंकू होतो, कधी स्क्रू अडतो. आटे पाडायचे असतील तर २.५ चं भोक आणि एम३ टॅप. पण २ मिमी पत्र्यात एम३ चे जेमतेम चार आटे बसतात, तिथे नायलॉक नट लावा. तसंच २ मिमीला काउंटरसंक (स्क्रूचं डोकं बुडेल असं शंकूसारखं भोक) केलं तर डोक्याखाली धातू उरतच नाही, म्हणून ते फक्त तळाला, जिथे खडकावर घासायचं तिथे, आणि त्यासाठी स्किड ४ मिमीची घ्या.

जोडणी ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा जाड काचेवर करा. सगळे क्रॉसमेंबर (दोन रेल जोडणारे आडवे भाग) ढिले लावा, दोन्ही कर्ण मोजा, १ मिमीच्या आत जुळले की मग आलटून-पालटून आवळा. धातूत धातू असलेल्या स्क्रूला निळा थ्रेडलॉक, प्लास्टिकला बिलकुल नाही, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

मोटर प्लेटचा स्क्रू हा वेगळा सापळा. ५४० मोटरची दोन भोकं २५ मिमी अंतरावर असतात आणि स्क्रू ४ मिमीपेक्षा जास्त आत गेला तर तो आतल्या वायंडिंगला लागू शकतो. २ मिमी प्लेटला एम३ बाय ६ पुरतो, ८ चा लावायचा असेल तर खाली मिळून २ मिमी जाडीचे वॉशर द्या.

स्प्रिंग काढून न तपासणं

रंग, लाइट, बंपर लावण्याआधी चारही शॉकच्या स्प्रिंग काढा आणि गाडी हाताने पिळा: एक चाक पूर्ण वर, त्याच अ‍ॅक्सलचं दुसरं पूर्ण खाली, स्टिअरिंग एकदा डावीकडे टोकाला, एकदा उजवीकडे. टायर लिंकला लागतोय का, सर्व्होचा हॉर्न (त्याचा फिरणारा हात) पॅनहार्डला, शाफ्ट स्किडच्या कडेला, शॉकचा डबा रेलला? जिथे लागतं तिथे पेनने खूण करा आणि शॉकची वरची भोकं हलवा किंवा रेलला कानस मारा. आवाज ऐकून शोधायला गेलात तर खडकावर सापडणार नाही.

चालवल्यावर येणारी लक्षणं

उभी असतानाच गाडी एका बाजूला कललेली दिसते: बॅटरी आणि मोटर एकाच बाजूला आहेत, किंवा चासी पिळलेली आहे. सपाट काचेवर ठेवा, एक कोपरा हवेत राहिला तर स्क्रू ढिले करून पुन्हा आवळा. उभी असताना सरळ आणि फक्त चढावर थ्रॉटल दिल्यावर कलते: तो ड्राइव्ह शाफ्टचा टॉर्क. दबणाऱ्या मागच्या कोपऱ्याची स्प्रिंग थोडी कडक करा किंवा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवा. पोर्टल अ‍ॅक्सलमध्ये चाकाजवळच्या गिअरने वेग तिथेच अजून कमी होतो, म्हणून तिथे हा त्रास कमी.

चढावर नाक उचललं जातं: पुढची चाकं किचनच्या वजनकाट्यावर, मागची तितक्याच उंचीच्या ठोकळ्यावर. २.४ किलोच्या गाडीत पुढे १.३५ ते १.४५ किलो हवं. कमी असेल तर लहान टू-एस (दोन सेलची) बॅटरी सर्व्होच्या मागे आणा किंवा पितळी नकल लावा. छतावर सामान ठेवून शोभा वाढवलीत तर ते सगळं उलटं काम करतं.

दगडात चाक अडकलं, स्टिअरिंग दाबून धरलं आणि गाडी क्षणभर मेली, मग पुन्हा जिवंत झाली: २५ किलो ताकदीचा सर्व्हो अडकल्यावर ईएससीच्या ३ अँपिअर बीईसीला (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग) झेपत नाही, रिसीव्हरचा व्होल्टेज पडतो. वेगळा बीईसी बसवा, त्याचा व्होल्टेज सर्व्होच्या मर्यादेत ठेवा. आणि रिमोटवर स्टिअरिंगची टोकं इतकी कमी करा की चाकं थांब्याला टेकायच्या आधीच सर्व्हो थांबेल, नाहीतर नवा बीईसीही तापेल.

पिनियनचा (मोटरवरचा लहान गिअर) चर्रर आवाज: मोटरचा स्क्रू सरकला. पिनियन आणि स्परमध्ये (तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालून दाबा, मोटर आवळा, पट्टी ओढून काढा. दात हलका खेळला पाहिजे. पहिली बॅटरी संपली की लिंक आणि मोटरचे सगळे स्क्रू एकदा तपासा. दुसऱ्यांदा ढिला निघालेला स्क्रू बदला, नुसता आवळू नका.