भाषणाचे मुद्दे लावताना या चुका टाळा

वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करताना दरवर्षी त्याच चुका समोर येतात. आवाज, हावभाव, पाठांतर यांवर महिनाभर मेहनत होते आणि मुद्दे मात्र पुस्तकात ज्या क्रमाने सापडले, त्याच क्रमाने भाषणात उतरतात.

जन्मापासून सुरुवात

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. विषय होता शाहू महाराज आणि समता, वेळ 5 मिनिटं. आमची आठवीतली मुलगी, आवाज खणखणीत. कागलच्या घाटगे घराण्यातला जन्म, 1884 चं दत्तकविधान, राजकोटचं शिक्षण, मग धारवाड, 1894 चा राज्याभिषेक... आणि चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा. समतेबद्दल अजून एक शब्द झाला नव्हता. आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं शिक्षण, राधानगरीचं धरण, सगळं तिने एका दमात म्हणून टाकलं. खाली उतरली तेव्हा डोळे भरले होते. ते भाषण मीच तपासून दिलं होतं.

पुढच्या वेळी आम्ही चिठ्ठ्या घेऊन जमिनीवर बसलो. एका चिठ्ठीवर एक मुद्दा, तोही पूर्ण वाक्यात. ‘शिक्षण’ हा मुद्दा नाही, तो नुसता मथळा आहे. सुरुवात केली थेट 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याने: संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, या जागांसाठी शिकलेली मुलं कुठून यायची? तिथे वसतिगृहं आली. आणि गावात पाटीच हातात आली नसेल तर? तिथे 1917 चं मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण. पहिलं वसतिगृह 1901 चं, म्हणजे सनावळीत आधीचं, पण भाषणात दुसरं. चालतं.

“बाई, धरण सोडायचं?” सोडायचं. भोगावतीवरचं ते काम फार मोठं आहे, पण या साखळीत बसत नाही. विषय शेतीचा असेल तेव्हा तेच पहिलं घ्यावं.

5 मिनिटांत सात मुद्दे

तीन पुरेत.

एकच मुद्दा दोन नावांनी

‘स्त्रीशिक्षण’ आणि ‘मुलींची प्रगती’. चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की लगेच कळतं.

दमदार मुद्दा शेवटासाठी राखणं

तो घंटेत जातो. मी तो पहिल्या दोन मिनिटांत घेते.

आयतं भाषण

आदल्या रात्री पालक मोबाइलवर मजकूर पाठवतात, “बाई, एवढं बसवून घ्या.” मी नाही म्हणते, आणि त्याबद्दल नाराजीही सोसते. दुसऱ्याने लावलेला क्रम मुलाच्या ओठांवर बसतो, डोक्यात नाही. एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं गेलं. दोन तास चिठ्ठ्या लावायचा कंटाळा असेल, तर त्या वर्षी स्पर्धेत नाव घालू नये.

आमची मुलगी दुसऱ्या स्पर्धेतही अडकली, वसतिगृहांनंतर. क्षणभर थांबली, मग स्वतःच मोठ्याने म्हणाली, “पण गावातल्या लहान मुलांचं काय?” आणि 1917 वर गेली. परीक्षकांना ती विसरली होती हे कळलंच नाही.