दाढेची सूज गळ्याकडे उतरली तर थांबायचं नाही

दाढ ठणकते, गाल सुजतो, मग लवंग, लेप आणि मेडिकलवाल्याच्या गोळ्या, हे घरोघरी चालतं आणि पुष्कळदा निभावूनही जातं. पण सूज हनुवटीखाली दोन्हीकडे कडक झाली, जीभ वर ढकलल्यासारखी झाली, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. पुण्यात असाल तर ससून, नाहीतर जिथे आयसीयू आणि मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचे) सर्जन दोन्ही आहेत असं जवळचं हॉस्पिटल गाठा, नुसता दातांचा दवाखाना इथे पुरत नाही. पेशंटला आडवं करू नका, बसवूनच न्या, शेकू नका, आणि चहासुद्धा पाजू नका कारण भूल द्यावी लागू शकते. शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं सोबत घ्या.

तिथे गेल्यावर आधी श्वास, मग बाकीचं. सूज फार असेल तर नाकातून दुर्बिणीने नळी घालतात नाहीतर गळ्याला छिद्र पाडतात, ते ऐकून नातेवाईक हादरतात पण जीव त्यानेच वाचतो. शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, पण पू साठला असेल तर नुसत्या औषधावर भागत नाही, तो काढावाच लागतो. चिरा सहसा जबड्याच्या कडेपासून दोनेक सेंटीमीटर खाली घेतात, कारण खालचा ओठ हलवणारी नस जबड्याच्या कडेजवळून जाते. आत चिमटा घालून पूचे कप्पे मोकळे करतात, पू कल्चरला (जंतू कुठले ते तपासायला) पाठवतात, सलाईनने धुतात आणि पू बाहेर येत राहावा म्हणून रबरी ड्रेन ठेवतात. जखम उघडी का ठेवली म्हणून भांडू नका, निचरा व्हावा म्हणूनच ती तशी ठेवलेली असते. जिच्यामुळे हे झालं ती दाढ शक्यतो त्याच वेळी काढून घ्या, नाहीतर परत तेच.

कातडी काळी-जांभळी पडली, फोड आले, किंवा दिसतंय त्यापेक्षा दुखणं फारच जास्त असेल तर प्रकरण वेगळं, मेलेला भाग कापावा लागतो, एक-दोन दिवसांत पुन्हा ओटीत न्यावं लागतं. शुगरवाल्यांना हा धोका जास्त, म्हणून इन्सुलिनला नाही म्हणू नका.

आणि नाकावरची, वरच्या ओठावरची पुळी पिळायची नाही, त्यानंतर डोळा सुजला किंवा दोन-दोन दिसायला लागलं तर तीही इमर्जन्सीच.

ड्रेन निघाल्यावर जबडा आखडलेला असतो. डॉक्टरांनी हो म्हटलं की आईस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांमध्ये धरायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत जायची.