ख्रिस्ती विद्यापीठात इतिहास-राज्यशास्त्र शिकायचं म्हणजे

ख्रिस्ती विद्यापीठात इतिहास आणि राज्यशास्त्र शिकले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: धर्मांतर करायला सांगत नाहीत का? मला तरी कुणी सांगितलं नाही. दुसरा प्रश्न: क्रुसेड्स शिकवतात का? शिकवतात, आणि पोपचा मुलाहिजा न ठेवता शिकवतात. तिथे जाऊ पाहणाऱ्यांच्या मनात वर्गाची धास्ती असते. माझा अनुभव उलटा आहे. वर्गात फार मोकळं वाटलं. आवळून धरणारे नियम वर्गाबाहेर भेटले.

अर्ज करण्याआधी विद्यापीठ कुठल्या पंथाचं आहे हे बघा, कारण नुसत्या ‘ख्रिस्ती’ या पाटीवरून काहीच कळत नाही. बेल्जियममधलं लूव्हेन 1425 सालचं कॅथलिक विद्यापीठ आहे. ॲमस्टरडॅमचं ‘फ्री युनिव्हर्सिटी’ 1880 मध्ये अब्राहम कायपर या कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) पुढाऱ्याने काढलं. हा माणूस 1901 ते 1905 नेदरलँड्सचा पंतप्रधानही होता. आज तिथे सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी मुलं शिकतात. अमेरिकेतल्या नोत्र दामला पदवीच्या विद्यार्थ्यांना ईश्वरशास्त्र आणि तत्त्वज्ञान घ्यावंच लागतं, मग मुख्य विषय कुठलाही असो. व्हीटनसारख्या इव्हँजेलिकल (बायबल प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) कॉलेजात प्राध्यापकांना श्रद्धानिवेदनावर, म्हणजे आपण काय मानतो याच्या लेखी कबुलीवर, सही करावी लागते. हे सगळं एकाच मापाने मोजून चालत नाही. त्यामुळे नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा: सही कुणाकडून घेतात, चॅपलची (आवारातल्या प्रार्थनेची) हजेरी सक्तीची आहे का, दारू, वसतिगृह आणि नातेसंबंध यांबद्दल काय लिहिलंय. विद्यार्थी संघटनेला मान्यता कोण देतं, बाहेरचा वक्ता बोलवायला कुणाची परवानगी लागते, हेसुद्धा. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिली ठेच बहुधा इथेच लागते. गर्भपातावरचे न्यायालयीन निकाल वर्गात तासभर खल करून वाचता येतात, पण त्याच विषयावर आवारात जाहीर सभा घ्यायची म्हटली की कागदपत्रं फिरायला लागतात.

आता अभ्यासाकडे. इथे राज्यशास्त्राची सुरुवात आधुनिक राज्यघटनांपासून होत नाही, खूप मागून होते. 1077 च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस पोपच्या माफीची वाट बघत उभा होता. बिशप नेमायचा अधिकार कुणाचा, राजाचा की पोपचा, हे ते भांडण. सत्तेला मर्यादा असते ही कल्पना युरोपात कुठून कुठून आली, हे त्या एका प्रसंगातून जितकं कळतं तितकं व्याख्यांमधून कळत नाही. तशीच 1550-51 ची स्पेनमधल्या व्हायादोलिदची चर्चा. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध लादून त्यांना ख्रिस्ती करणं न्याय्य आहे का, यावर लास कासास (युद्धाच्या विरोधात) आणि सेपुल्वेदा (युद्धाच्या बाजूने) भिडले. दोघंही कॅथलिक, आधाराला दोघांकडे तीच शास्त्रं. आम्हाला वर्गात सेपुल्वेदाची बाजू मांडायला लावली होती. नकोशी बाजू नीट मांडायची ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

सगळ्यात जास्त जीव जर्मनीच्या तासांमध्ये रमला. 1934 च्या मे महिन्यात बार्मेन इथे काही प्रोटेस्टंट मंडळींनी जाहीरनामा काढला: चर्चचा प्रभू येशू ख्रिस्त, दुसरा कुणी पुढारी नव्हे. हिटलरच्या राज्यात हे म्हणायला छाती लागत होती. सरांनी आम्हाला त्याचे सहा मुद्दे वाचायला दिले आणि विचारलं, यात काय नाही? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, ज्यूंचा उल्लेख नाही. बरोबर, एका शब्दानेही नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारी दक्षिण आफ्रिकेतला बेलहारचा मसुदा, म्हणजे तिथल्या चर्चचं श्रद्धानिवेदन, ठेवला, 1982 चा. तो वर्णभेदाविरुद्ध आहे, आणि त्या वर्णभेदाचं समर्थन करणाऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चच्याच गोऱ्या नसलेल्या शाखेतून तो आला. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की ‘धर्म राजकारणाला चांगला की वाईट’ हा प्रश्नच बाळबोध वाटायला लागतो.

श्रद्धाळू मुलांची वर्गात पंचाईत होते ती वेगळ्याच ठिकाणी. माझ्या वर्गातल्या एकाने निबंधात लिहिलं होतं की 312 मध्ये रोमजवळची मिल्व्हियन पुलाची लढाई रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने जिंकली कारण देवाची तशी योजना होती. सर स्वतः न चुकता चॅपलला जाणारे. त्यांनी पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘असेलही. पण तुझ्या कुठल्या साधनात हे दिसतं?’ मग ती साधनंच काढून बसलो. त्या काळचे दोन ख्रिस्ती लेखक: लॅक्टान्टियस सांगतो की कॉन्स्टंटाइनला स्वप्न पडलं. युसेबियस सांगतो की त्याला भर दिवसा आकाशात प्रकाशाचा क्रूस दिसला. इतिहासकाराचं काम या दोन हकिगतींमधल्या फटीत सुरू होतं. त्या मुलाची श्रद्धा जागच्या जागी राहिली, निबंध मात्र पुन्हा लिहावा लागला.

ख्रिस्ती नसलेल्यांनी जाण्यापूर्वी थोडं बायबल वाचून ठेवावं. सगळं नको. निर्गम, मत्तयचा 22 वा अध्याय (कैसराचं कैसराला द्या, तो), रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय आणि प्रेषितांच्या कृत्यांमधलं 5:29. रोमकरांस पत्र म्हणतं, राज्यकर्त्यांच्या अधीन राहा. कृत्ये म्हणतं, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ख्रिस्ती राजकीय विचारांतले कितीतरी वाद या दोन ओळींभोवती फिरत आलेत, आणि वर्गात कुणी ते समजावून सांगत बसत नाही. येतंच असं गृहीत धरतात. तासाच्या आधी प्रार्थना झाली तर गप्प उभं राहायचं, एवढं पुरतं. लॅटिन शिकायची सोय असेल तर सोडू नका.

संस्थेचा स्वतःचा इतिहास कसा शिकवतात याकडे जरूर लक्ष द्या. 1838 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइटांनी (एका कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी) 272 गुलाम माणसं विकली आणि त्या पैशातून त्यांचं जॉर्जटाऊन विद्यापीठ तगलं. ही गोष्ट आज जॉर्जटाऊनमध्येच संशोधनाचा विषय आहे, आणि तिथल्या एका इमारतीला त्या विक्रीच्या यादीतल्या पहिल्या माणसाचं, आयझॅक हॉकिन्सचं नाव दिलंय. विक्रीचे कागद जेझुइटांनीच जपून ठेवले होते. चर्चच्या लोकांना कागद जपायची सवयच असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं! बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, मिशनऱ्यांची पत्रं, हिशेबाच्या चोपड्या. व्हॅटिकनने दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे पोप बारावे पायस यांच्या काळातली दप्तरं 2020 च्या मार्चमध्ये अभ्यासकांना खुली केली. महायुद्धावर काम करणाऱ्यांना तिथे वर्षानुवर्षं पुरेल एवढं आहे.

नोकरीबद्दल थोडक्यात. पुराभिलेखागार, पत्रकारिता, कायदा, परराष्ट्र सेवा, मदतसंस्था या वाटा इतर ठिकाणच्या पदवीधरांसारख्याच. मुलाखतीत विद्यापीठाच्या नावावर भुवया उंचावतात, पण प्रबंधाचा विषय सांगितला की बोलणं तिकडे वळतं. तिथेच शिकवायचा बेत असेल तर मात्र आधी चौकशी करा. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्याने धार्मिक संस्थांना आपल्याच धर्माची माणसं नेमायची मुभा दिली आहे, आणि काही विद्यापीठं ती पुरेपूर वापरतात.

प्रवेशाआधी विभागाकडे आणखी एक गोष्ट मागा: शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विषयाची वाचनयादी. तिच्यात चर्चचे टीकाकार आहेत का, आणि असले तर त्यांचं लिखाण मुळातून वाचायला दिलंय की दुसऱ्याने केलेल्या खंडनातूनच त्यांची ओळख होते, हे तपासा. माहितीपत्रकातल्या फोटोंवरून हे कळणार नाही. यादी द्यायला विभागाने टाळाटाळ केली, तर मी तरी तिथे अर्ज करणार नाही.