ऑस्ट्रेलियात येताना देव कसे आणाल

देव बरोबर आणा, पण मोजके आणि धातूचे. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवतांचे चांदीचे टाक, ताम्हन, निरांजन, लहानशी घंटा एवढ्यात नित्यपूजा नीट होते. घरचे मूळ टाक थोरल्यांकडे असतील तर ते तिथेच राहू द्या. वेगळी चूल मांडताना नवे टाक करून घ्यायची रीत आपल्याकडे आहेच. सोनाराला आधीच सांगून ठेवा.

जपायचं ते विमानतळावर. निघताना आई ओटी भरते, तेव्हा खण ठेवा आणि तांदूळ, नारळ, हळकुंड तिथेच देऊन या. साठवलेलं धान्य पोखरणाऱ्या खाप्रा भुंग्याच्या भीतीने प्रवाशांच्या सामानातून तांदूळ आणायला इथे बंदी आहे, म्हणजे अक्षतांची पुडीसुद्धा नको. गोवरी, दूर्वा, आंब्याचे डहाळे, तुळशीचं रोप यांचंही तेच. लाकडी देव्हारा, चंदनाचं खोड, रुद्राक्षाची किंवा तुळशीची माळ, गंगाजल हे सगळं इथे उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर न चुकता लिहा. शंका असली तरी ‘होय’वरच खूण करा. लिहिलेली वस्तू फार तर तपासणी अधिकारी काढून घेतील. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो आणि काही प्रकारचे व्हिसा रद्दही होऊ शकतात. देवाच्या वस्तूसाठी खोटं लिहावं, हे मला मुळीच पटत नाही.

भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय भिंतीला खिळा ठोकू नका. सुरुवातीला स्वयंपाकघरातलं स्वच्छ फडताळ पुरतं. कापूर किंवा धूप लावाल तेव्हा खिडकी, बाल्कनी उघडा, पण धूर घालवायला फ्लॅटचं मुख्य दार कधीही उघडू नका. बऱ्याच इमारतींत जिन्याकडचा अलार्म थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो, आणि बंब विनाकारण आला की त्याचं बिल आपल्या हातात पडू शकतं. अलार्मवर पिशवी बांधण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने जीव जाऊ शकतो.

तुळस इथल्या नर्सरीतून घ्या. मेलबर्नला जून ते ऑगस्ट थंडी, तेव्हा कुंडी घरात घ्या आणि उत्तरेच्या खिडकीत ठेवा, कारण इथे ऊन उत्तरेकडून येतं. घरात दुसरे भाडेकरू असतील तर निरांजनाबद्दल त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि निरांजन शांत झाल्याशिवाय घराबाहेर पडू नका.