बोटुकली सोडताना तिची कातडी जपा

जुलै-ऑगस्टमध्ये शेततळ्यात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, की दोन दिवसांत ‘मासा खाद्यच घेत नाही’ ही तक्रार येतेच. खाद्य बदलण्याआधी बीज, म्हणजे ही पिल्लं, कसं हाताळलं गेलं ते आठवा.

या माशांची कातडी सोलवटली की तिच्यातलं एक द्रव्य पाण्यात मिसळतं. दिसत नाही, पण आसपासच्या माशांना वासाने कळतं की कोणीतरी पकडलं गेलंय. मग ते एकमेकांना चिकटतात, तळाशी दबून राहतात, खाणं सोडतात. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९३८ च्या सुमारास मिनो नावाच्या लहान माशांत हे दिसलं: जखमी मासा पाण्यात परत सोडताच सगळा थवा बिथरला. मिनो आणि आपले कार्प (रोहू, कटला, मृगळ) जवळचे नातलग.

म्हणून बीज खरबरीत जाळ्याने ओढू नका. गाठी नसलेलं मऊ जाळं घ्या, काम सकाळी लवकर उरका. बीज आणलेली पिशवी न उघडता १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या. बीज हळूच हाताळणीच्या जाळीत घेऊन सोडा. पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नका. त्यात खरचटलेल्या पिलांचं द्रव्य असतं, शिवाय रोगही येऊ शकतो. खवले निघालेली, लाल चट्टे पडलेली पिल्लं वेगळी काढा.

शिकारी माशाचा वास आणि हे द्रव्य एकदा सोबत आलं, की पुढे नुसत्या त्या वासालाही मासे सावध होतात. पण हॅचरीतल्या (बीज तयार करणाऱ्या केंद्रातल्या) पिलांना हा अनुभव नसतो. तळ्यात मरळ हा शिकारी मासा असेल तर शिकेपर्यंत निम्मं बीज तिच्या पोटात जाईल, त्यांच्या हुशारीवर विसंबू नका. जुन्या तळ्यात मरळ, मांगूर काढण्यासाठी मोहाची पेंड एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी २५०० किलो टाकतात. तिचा विषारी असर १५ ते २० दिवस राहतो, तोवर बीज सोडू नये.

मासे तळाशी दडून असतील तर एक-दोन दिवस खाद्य निम्मं करा. पण पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत असतील, तर ती भीती नव्हे, प्राणवायूची कमतरता आहे: खाद्य बंद करा आणि पंपाने पाणी उंचावरून पाडा.