आपल्या आमदाराची राजकीय कुंडली कशी काढायची? (गणपतआबांचं उदाहरण घेऊन)

एखाद्या आमदाराबद्दल गावात विचारलं तर दोनच उत्तरं येतात, एक तर देवमाणूस नाहीतर चोर. खरी कारकीर्द कागदावर बघायची असेल तर काय करायचं ते सांगतो, उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या शेकापच्या (शेतकरी कामगार पक्ष) गणपतराव देशमुखांचं, म्हणजे आबांचं घेऊ, कारण नोंदी भरपूर आहेत आणि चकवेही भरपूर.

१. आधी निवडणुकांची यादी करा. निवडणूक आयोगाच्या साईटवर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल मिळतो, त्यात मतदारसंघ उघडायचा आणि वर्ष, पक्ष, मतं, दोन नंबरला कोण, एवढं वहीत उतरवायचं. आबांच्या बाबतीत १९६२ पासून सुरू करा आणि २०१४ पर्यंत या, विजय मोजले तर १० च भरतात, आणि सगळीकडे तर ११ वेळा आमदार असं लिहिलेलं असतं! अकरावा विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे, आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते. त्यामुळे ती वेगळी शोधायचीच. आणि ११ गुणिले ५ करून ५५ वर्षं आमदार असं ठोकून देऊ नका, १९७८ ची विधानसभा १९८० लाच बरखास्त झाली होती.

२. पराभव सोडू नका. माझ्या मते माणूस तिथंच जास्त कळतो. श्रद्धांजलीचे लेख वाचले तर वाटतं आबा कधी पडलेच नाहीत, पण १९७२ ला पडले, आणि १९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून फक्त १९२ मतांनी पडले (हो, तेच ते झाडी-डोंगारवाले बापू). मग १९९९ ला परत निवडून आले. २०१९ ला आबा स्वतः उभे नव्हते, नातू अनिकेत उभा होता तो बापूंकडूनच ७६८ मतांनी पडला आणि २०२४ ला दुसरा नातू बाबासाहेब बापूंना हरवून आला. आता हे सगळं एका कागदावर ओळीनं मांडा, तालुक्याचं अर्धं राजकारण समोर येतं.

३. मंत्रीपद, समित्या वगैरे. आबा १९७८ च्या पुलोद सरकारात (शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं आघाडी सरकार) आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते, म्हणजे एवढ्या वर्षांतला बहुतेक काळ विरोधी बाकावर. विधानमंडळ सदस्यांचा संक्षिप्त परिचय छापतं, तो बघा, पण त्यातली माहिती बरीचशी सदस्यानंच दिलेली असते हे ध्यानात ठेवा. कामकाजाच्या नोंदीत तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असतं) आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं सरकारचं लक्ष वेधणारी सूचना) शोधा, दुष्काळी तालुक्याचा आमदार पाण्यावर किती वेळा उठला ते तिथंच कळतं.

४. उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात असतं, पण ही सक्ती २००३ नंतरची, त्यामुळे आबांच्या फक्त शेवटच्या तीन निवडणुकांचीच मिळतील. एकच बघून उपयोग नाही, ओळीनं तीन लावून मालमत्ता कशी वाढली ते बघायचं. आणि गुन्हा दाखल म्हणजे शिक्षा झाली असं नसतं, आंदोलनं करणाऱ्यांवर तर असतातच.

५. आता निधी. आमदार निधीचा हिशोब कलेक्टर ऑफिसात जिल्हा नियोजनकडे असतो, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे भाषण नको. सरळ लिहा: अमुक वर्षातल्या कामांची यादी, मंजूर रक्कम, झालेला खर्च, काम कुठल्या यंत्रणेनं केलं, पूर्णत्वाचा दाखला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा, आणि यादी हातात आली की गाडी काढून त्यातली दोनचार सभामंडपं नि रस्ते जाग्यावर आहेत का बघून या.